हवाई मास्साब आणि खालसा

आमच्या कॉलेजात रमाकांत सप्रे यांना रमाकांत सप्रे असं फक्त पगाराच्या दिवशी म्हणत. एरवी विद्यार्थी, चपराशी, समोशांच्या गाडीवाला आणि पाठ वळली की खुद्द प्रिन्सिपॉलसुद्धा त्यांना ‘हवाई मास्साब’ म्हणत. मास्साब म्हणजे मास्टरसाहेब. आमच्या बुंदेलखंडात एवढा लांब शब्द अख्खा उच्चारायला कोणाला सवड नसते. आणि हवाई म्हणजे पॅसिफिक महासागरातलं ते बेट. झाशीपासून ते नेमकं किती मैलांवर आहे हे मला माहीत नाही, पण सप्रे मास्तरांच्या वर्गापासून ते दोन बाकांपेक्षा जास्त लांब कधीच नव्हतं.

कॉलेज म्हणजे इंटर कॉलेज, बारावीपर्यंतचं. ते तिथे इतिहास शिकवत आणि मी, जनार्दन, शेजारच्या खोलीत संस्कृत. मधली भिंत इतकी पातळ होती की माझ्या विद्यार्थ्यांना रामाची रूपं येत नसत, पण स्पेनचं आरमार मनिलाच्या खाडीत किती तासांत बुडालं ते पाठ असे. याबद्दल मी प्रिन्सिपॉलांकडे दोनदा तक्रार केली. त्यांनी दोन्ही वेळा भिंतीला चुना लावून दिला.

बारावीच्या पुस्तकात अमेरिकेच्या साम्राज्यविस्ताराला अडीच पानं होती. त्या अडीच पानांना सप्रे मास्तर तीन आठवडे घेत. मग वेळ कमी पडला की शहाजहानपासून पुढचे सगळे मोगल तीन तासांत उरकत. “वे तो अपने ही घर के हैं, घर पर पढ़ लेना,” असं मुलांना सांगत. हवाईचं नाव पहिल्यांदा काढलं की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, “मास्साब, चप्पल वहीं से आती है?” दरवर्षी तोच प्रश्न, आणि दरवर्षी मास्तर तितकेच चिडत. मला वाटतं मुलं एकमेकांना तो प्रश्न वारशात देऊन जात असावीत.

त्यांना हवाईचं वेड लागलं ते एका जुन्या इंग्रजी पुस्तकातल्या फोटोमुळे. कॉलेजच्या कपाटात वाळवीने अर्धं खाल्लेलं पुस्तक होतं, त्यात तिथल्या शेवटच्या राणीचा फोटो होता. मास्तरांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, “ही आपल्यातली आहे.” मी निरखून पाहिलं. मला ती आपल्यातली वगैरे वाटली नाही, पण झाशीच्या माणसाशी राणी या विषयावर वाद घालू नये एवढी अक्कल मला होती. आमच्या गावात राणी हा शब्द उच्चारला की माणसं आपसूक किल्ल्याकडे बघतात. मास्तर वर्गात ‘हवाई की रानी’ म्हणाले तरी मुलं खिडकीतून किल्ल्याकडेच बघत.

शिकवायचे मात्र रंगून. “सगळं साखरेने केलं,” तिथून सुरुवात. अमेरिकेतून मिशनरी आले ते देवाचं नाव सांगायला, आणि त्यांचे मुलगे-नातू राहिले ते ऊस लावायला. उसाचे मळे वाढले तशा त्यांच्या मागण्या वाढल्या. आधी बंदुका दाखवून राजाकडून नवे कायदे मान्य करून घेतले. तो गेल्यावर त्याची बहीण गादीवर आली आणि तिने ते कायदे बदलायचं मनात आणलं, तेव्हा १८९३ साली मळेवाल्यांनी बंड केलं आणि बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन जहाजावरून सैनिक उतरले, म्हणे शांतता राखायला. पुढे दोन वर्षांनी राणीला तिच्याच राजवाड्यात एका खोलीत कोंडलं आणि राजत्यागावर तिची सही घेतली. मग आलं १८९८. स्पेनशी लढाई, क्युबा, पोर्तो रिको, फिलिपीन्स, आणि त्याच उन्हाळ्यात हवाईही.

ग्वामची गोष्ट हा त्यांचा खास खजिना होता. ग्वाम बेटावरच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना लढाई सुरू झाल्याची बातमीच पोचली नव्हती. अमेरिकन जहाजाने येऊन तोफा डागल्या, तर त्यांना वाटलं पाहुण्यांनी सलामी दिली. ते नावेत बसून जहाजावर गेले, आणि आमच्याकडे तोफांची दारू नाही म्हणून उलट सलामी देता आली नाही, माफ करा, असं म्हणाले. हे सांगताना मास्तर दोन्ही पार्टं स्वतः करत आणि माझ्या बाजूला संस्कृतचा वर्ग हसून लोळत असे. एकाहत्तरच्या युद्धात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा मास्तरांनी वर्गात जाहीर केलं, “हे जहाज १८९३ सालीच निघालंय. मधे मधे थांबतं.”

राणीवर जीव असला तरी तिच्याबद्दल त्यांची एक तक्रार होती. तिने सही केली. हे त्यांना काही केल्या पचत नसे. “सही करायची नाही. तुरुंगात राहायचं, पण सही करायची नाही,” असं ते दरवर्षी वर्गाला बजावत. कैदेत पडलेल्या आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून तिने सही केली, असं त्या वाळवी लागलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते त्यांना दाखवलंही. ते म्हणाले, “माणसं सुटली हो, राज्य गेलं.”

पण मास्तरांचं खरं वैर होतं ते पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्याशी. ‘सन १८९८ में हवाई द्वीपों का अमेरिका में विलय हो गया.’ हे वाक्य आलं की ते पुस्तक टेबलावर पालथं घालत. “विलय हो गया? अपने आप हो गया?” विलय नदीचा होतो, ते सांगत. बेतवा एरचवरून पुढे जाते आणि हमीरपूरजवळ यमुनेला मिळते, तो विलय. राज्य काय पाणी आहे? मग पुस्तकातलं वाक्य खोडायला लावून ते स्वतःचं वाक्य सांगत, आणि प्रत्येक शब्द दोनदा उच्चारून लिहून घेत: ‘सन १८९८ में अमेरिका ने हवाई को खालसा कर लिया.’

आता हा खालसा शब्द. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात वावगं काही दिसणार नाही. संस्थान खालसा झालं असं आपण म्हणतोच. पण खंडेराव गेटातल्या आमच्या जुन्या मराठी घरांत तो शब्द नुसता इतिहासाचा नव्हता, रोजच्या वापरातला होता. सप्र्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते. झाशी कंपनी सरकारने घेतली तेव्हा त्यांच्या घरात हा शब्द शिरला आणि मग बाहेर पडलाच नाही. रस्ता रुंद करताना नगरपालिकेने पुढचा ओटा पाडला, तर ओटा खालसा झाला. मांजराने साय खाल्ली, तर मास्तरांच्या पत्नी, अनुसूया वहिनी, म्हणायच्या, “मेलीने पातेलं खालसा केलं.” पाहुणे आले की मुलाची खाट खालसा. माझं बिऱ्हाड प्रेम नगरात होतं, जरा नव्या वस्तीत, पण आमच्याकडेही थंडीत बायको माझी रजई खालसा करीत असे. सांगायचा मुद्दा एवढाच की, हा शब्द मराठी आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या कधी मनातही आलं नाही. तो आम्हाला मीठ-मिरचीइतका सगळ्यांचा वाटे.

त्यातून मास्तरांना आपल्या हिंदीचा भलता अभिमान. चपराशाने ‘सड़क चौड़ा’ म्हटलं तर त्याला उभं करून ‘सड़क चौड़ी’ दहा वेळा म्हणायला लावणारा हा माणूस. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हीत आपला हात धरणारा कोणी नाही अशी त्यांची खात्री होती.

आणखी एक इच्छा ते मनाशी बाळगून होते. त्यांना उपप्रधान परीक्षक व्हायचं होतं. दर मे महिन्यात बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला आम्ही कानपूरला जात असू. मोठ्या हॉलमध्ये एकेका टेबलाभोवती दहा दहा परीक्षक, बाकांवर दाटीवाटीने. प्रत्येक टेबलावर एक उपप्रधान. त्याला हाताची खुर्ची, त्याला टेबलपंखा, आणि तो आमच्या लाल शाईवर हिरव्या शाईने बरोबर-चूक करणार. सप्रे मास्तरांनी अठरा उन्हाळे बाकावर काढले होते. अठ्ठ्याहत्तर साली त्यांना निरोप मिळाला की, यंदाचं काम नीट पार पडलं की पुढच्या वर्षी यादीत नाव नक्की. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे मला, प्रिन्सिपॉलांना, अनुसूया वहिनींना, किराणावाल्याला आणि मुरलीधराच्या देवळातल्या पुजाऱ्याला सांगितलं. हिरव्या शाईची दौतही आणून ठेवली.

त्या वर्षी बारावीच्या पेपरात नेमका प्रश्न आला होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेच्या विस्तारनीतीवर. दहा गुण. पेपर झाल्या दिवशी मास्तर एखाद्या वरबापासारखे कॉलेजात हिंडत होते.

कानपूरला तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या चहाला, ते घडलं. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरपत्रिका आपल्याला द्यायच्या नाहीत असा नियम होता. पण त्या त्याच हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर जातील, हे नियम करणाऱ्याला सुचलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर फर्रुखाबादचे दुर्गाप्रसादजी होते, गोल चेहऱ्याचे, खुशमिजाज गृहस्थ. ते एक उत्तरपत्रिका हातात धरून उभे राहिले.

“सुनिए, सुनिए. नया इतिहास सुनिए. ‘अमेरिका ने हवाई को खालसा कर लिया.’ भाई, पूरे द्वीप को अमृत छका दिया.”

हॉल हसला. दुर्गाप्रसादजींना चेव आला. “एक नहीं, पूरे बंडल ने लिखा है. यह देखिए, ‘रानी ने बहुत विरोध किया, अंत में रानी भी खालसा हो गईं.’”

मीही हसलो. कबूल करतो. का हसलो ते नीटसं कळलं नव्हतं, पण सगळे हसत होते आणि चहा गरम होता. सगळ्यांत मोठ्याने हसले ते सप्रे मास्तर. “कौन गधा पढ़ाता है इनको,” असंही ते म्हणाले.

मग दुर्गाप्रसादजींनी पुढचं वाक्य वाचलं. “‘विलय नदियों का होता है, जैसे बेतवा का यमुना में.’ वाह. क्या भूगोल है.”

मास्तरांचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी कप बशीत ठेवला आणि ते उठून बाहेर गेले. बाहेर व्हरांड्यात पाण्याचे माठ मांडलेले होते, त्यांच्यापाशी मी त्यांना गाठलं.

“जनार्दनजी,” ते हळू आवाजात म्हणाले, “हिंदीत खालसा म्हणजे काय?”

“शीख पंथ. अमृत पाजून दीक्षा देतात तो,” मी म्हणालो.

“आणखी?”

“आणखी काही नाही. निदान आजकाल तरी नाही.”

“अठरा वर्षं तुम्ही भिंतीपलीकडून ऐकताय. मला सांगितलं का नाही?”

मी काय सांगणार होतो? खरं तेच सांगितलं. “अहो, ते ऐकताना तुम्ही हिंदी बोलताय असं मला कधी वाटलंच नाही.”

त्यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. माठावरच्या झाकणाकडे बघत त्यांनी हिशोब मांडला. बंडल त्रेचाळीस मुलांचं. दुर्गाप्रसादजी त्या प्रश्नाला दहापैकी दोन देत होते. आठ गुण गेले. त्रेचाळीसांतले नऊ-दहा तरी असे होते की, आठ गुणांवर त्यांचं पास-नापास ठरणार. त्यात एक इंदिरा होती, शिवाजीराव हवालदारांची मुलगी. बारावी पास झाली तर तिला मास्तरकीच्या ट्रेनिंगला पाठवीन, नाहीतर आषाढाच्या आत उजवून टाकीन, असं शिवाजीरावांनी सप्र्यांच्या समोरच तिला सांगितलं होतं. आणि शिवाजीराव बोललेलं करणारा माणूस.

“मी जाऊन सांगतो,” मास्तर म्हणाले.

मी त्यांना थांबवलं. मला माझी लाज वाटते, पण मी थांबवलं. आपल्या शाळेच्या उत्तरपत्रिका ओळखणं आणि त्यांच्यासाठी रदबदली करणं हा आमच्यात सगळ्यांत मोठा गुन्हा. मी म्हणालो, “तुमचं नाव यादीत यायचं आहे. एक वर्ष गप्प बसा. कोणी पकडलेलं नाही. मुलं काय, पुढच्या वर्षी परत बसतील.”

“इंदिरा परत बसेल?” त्यांनी विचारलं. आणि ते आत निघाले.

प्रधान परीक्षक बनारसकडचे होते. डोक्यावर ओला पंचा, समोर फायली, चेहऱ्यावर हसण्याची कसलीही सोय नाही. सप्रे मास्तर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “श्रीमान, वह गधा मैं हूँ.”

हॉल पुन्हा हसला, पण थोडाच. मास्तरांनी सगळं सांगितलं. आमची भाषा मराठी आहे, आमच्यात राज्य घेतलं म्हणजे खालसा केलं असं म्हणतात, मुलांनी मी सांगितलं ते लिहिलं, त्यांचा दोष नाही. बोलता बोलता ते सवयीने हवाईत शिरले. राणी, ऊस, जहाज. प्रधान परीक्षकांनी पंचा पिळला आणि विचारलं, “तो आपने अपने विद्यालय की कॉपियाँ पहचान लीं?”

“जी.”

“और आप उनके लिए कह रहे हैं?”

“जी.”

तेवढ्यात अर्थशास्त्राच्या टेबलावरून एक वयस्क सरदारजी उठले. लखीमपूरकडचे होते, फाळणीत लायलपूरहून आलेले. ते म्हणाले की त्यांचे आजोबा पटवारी होते. जुन्या कागदांत सरकारी जमिनीला खालसा जमीनच म्हणत. शब्द खालिसवरून आला, खालिस म्हणजे शुद्ध, ज्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही असं. “गुरु साहब ने भी सिखों को खालसा इसीलिए कहा था, कि उनके और गुरु के बीच में कोई नहीं. मास्टर जी का शब्द ग़लत नहीं है,” ते म्हणाले, “बस पुराना है.”

मास्तरांचा चेहरा क्षणभर फुलला. मला वाटलं, जिंकलो. पण प्रधान परीक्षकांनी आयुष्यभर फायलींत डोकं घातलेलं होतं. त्यांनी शांतपणे दोन रस्ते सांगितले. शब्द बरोबर आहे असा तुमचा दावा असेल तर लिहून द्या. मग तो दावा बोर्डाकडे इलाहाबादला जाईल, दुर्गाप्रसादजींनी चुकीचं तपासल्याचा अहवाल जाईल, समिती बसेल, तिचं उत्तर दिवाळीपर्यंत येईल. निकाल जूनमध्ये लागणार. नाहीतर असं लिहून द्या की, शिक्षकाने अशुद्ध शब्द शिकवल्यामुळे विद्यार्थ्यांचं नुकसान झालं. मग मी माझ्या अधिकारात आज हे बंडल उघडतो आणि बाकीचं उत्तर पाहून गुण देतो. दोन्हींत तुम्ही आजपासून परीक्षक नाही. ते पुढे म्हणाले, “इसमें मैं कुछ नहीं कर सकता.” आणि मला वाटतं ते त्यांना खरंच वाईट वाटून म्हणाले.

सरदारजी म्हणाले, “लड़िए मास्टर जी, आप सही हैं.” दुर्गाप्रसादजी आपल्या जागी खाली मान घालून बसले होते. बिचाऱ्याने गंमत केली होती, आणि आता समितीचं नाव ऐकून त्याचा रंग उडाला होता.

मी ओळखत असलेले सप्रे अशा वेळी दिवाळीच काय, पुढच्या चार दिवाळ्या लढले असते. रेशन दुकानदाराने पावतीवर ‘सपरे’ लिहिलं म्हणून आठ महिने पत्रव्यवहार करणारा माणूस तो. पण त्यांनी कागद मागितला आणि आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं: ‘मेरे द्वारा अशुद्ध शब्द पढ़ाए जाने के कारण.’ ज्या शब्दाचा अर्थच शुद्ध, त्याला अशुद्ध म्हणून लिहून दिलं आणि खाली सही केली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही परत निघालो. म्हणजे ते निघाले, आणि मी पोट बिघडल्याचं सांगून त्यांच्याबरोबर निघालो. उरईला मी भजी घेतली, ती त्यांनी खाल्ली, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिची किती माणसं कैदेत होती हो?”

“कोणाची?”

“राणीची.”

“शंभर-दोनशे असतील,” मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

“माझी त्रेचाळीसच होती,” ते म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला. इंदिरा दुसऱ्या श्रेणीत पास झाली. शिवाजीराव पेढे घेऊन सप्र्यांकडे आले आणि तासभर मुलीच्या हुशारीवर बोलले. मास्तरांनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. कानपूरचं त्यांनी घरात काहीच सांगितलं नव्हतं. पुढे यादी आली आणि तीत नाव नाही हे कळल्यावर अनुसूया वहिनी रागाने म्हणाल्या, “खुर्ची खालसा केली मेल्यांनी.” मास्तर उठून आत गेले. वहिनींना वाटलं, खुर्ची गेली म्हणून दुःख झालं असेल. शाई त्यांनी आधीच नातीला चित्रं रंगवायला देऊन टाकली होती, आणि ती पोरगी महिनाभर हिरव्या गाई काढत होती.

जुलैत कॉलेज उघडलं. अमेरिकेचा धडा दिवाळीनंतर येतो. मी ऑक्टोबरपासूनच कान देऊन होतो. धडा आला. हवाई चपलेचा प्रश्न आला, पण मास्तर चिडले नाहीत, “हो, तिथूनच येते” असं म्हणाले, आणि मुलं गोंधळली. ग्वामची गोष्ट त्यांनी पूर्वीसारखीच रंगवली. राणीवर आले तेव्हा मी माझ्या वर्गाला मनातल्या मनात पाठांतर करायला सांगितलं आणि भिंतीजवळ जाऊन उभा राहिलो. सहीपाशी मास्तर थांबले. मग म्हणाले की तिने सही केली, कारण तिची माणसं आत होती, आणि ही गोष्ट नीट लिहून घ्या, ही कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त खरी आहे.

मग ते त्या वाक्यावर आले. पुस्तक पालथं पडल्याचा आवाज झाला नाही. “लिखो,” ते म्हणाले. “सन अठारह सौ अट्ठानबे में हवाई का अमेरिका में विलय हुआ.” प्रत्येक शब्द दोनदा, ‘विलय’सुद्धा.

दारं-खिडक्या उघड्या होत्या. पलीकडे त्रेचाळीस-पन्नास टाक खरखरत होते ते मला ऐकू येत होतं. तेवढ्यात एका मुलीचा आवाज आला. आमच्या गावात वह्या एका भावंडाकडून दुसऱ्याकडे, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातात. ती म्हणाली, “मास्साब, दीदी की कॉपी में तो खालसा लिखा है. काट दूँ?”

माझ्या वर्गातल्या मुलांनीही भिंतीकडे कान लावले.

“काटो मत,” सप्रे मास्तर म्हणाले. “वह घर का शब्द है. घर में बोलना. परीक्षा में विलय लिखना.”

मग त्यांनी पुढचं वाक्य सांगायला घेतलं, फिलिपीन्सचं. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा माझी नात दारात उभी होती. मी तिला मराठीत विचारलं, जेवलीस का. तिने मला हिंदीत उत्तर दिलं, आणि इतकी वर्षं देत आलीच होती, पण मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.